नवरी सोडा, सनी घ्या

वडसा-देसाईगंजच्या सर्व नाट्यनिर्मात्यांना, नाटककारांना आणि कलावंतांना,



पोळा सरला की तुमच्याकडे नव्या नाटकांची जुळवाजुळव सुरू होते. दिवाळीच्या मंडईसाठी, म्हणजे गावजत्रेसाठी, चांगली तारीख आणि चांगलं नाटक आपल्यालाच मिळावं म्हणून गावोगावची मंडळं वडशाच्या फेऱ्या मारायला लागतात. एकदा तारखा लागल्या की तुम्हाला जेवायला फुरसत नसते, पत्र कुठून वाचाल. म्हणून आत्ताच लिहिते. विषय एका कोरियन मालिकेचा आहे आणि पहिल्या ओळीलाच हसू नका. आमच्या गावातल्या बारावीच्या पोरी तिच्यातल्या माणसांची नावं पाठ म्हणतात. म्हणजे वडशाच्या पोरीही म्हणत असणार, आणि त्यांच्यातल्या एखादीचा बाप, काका किंवा भाऊ नाटक लिहीत असणार. हे कथानक कोणीतरी उचलणार, याची मला भीती आहे आणि थोडी इच्छाही आहे. उचलायचंच असेल तर काय उचलावं आणि काय तिथेच ठेवावं, एवढंच सांगायचं आहे.

आधी माझा अधिकार सांगते, म्हणजे उगाच कोण ही बाई असं वाटायला नको. माझं माहेर लाखांदूर तालुक्यातलं, चुलबंदच्या काठचं. वडसा तिथून जवळच. घोंगडी पांघरून, पायाशी शेकोटीचं टोपलं ठेवून, रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत पाहत मी मोठी झाले. लग्न होऊन आले ती नाकाडोंगरीला, तुमसर तालुक्याच्या पार वरच्या टोकाला. इथे बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, आणि उरलेलं सगळं जंगल नाही तर धानाच्या बांध्या. बोलणं मराठीत सुरू होतं, पोवारीत वळतं आणि हिंदीत संपतं. दंडार आणि खडी गंमत या भागाच्या रक्तात आहे. वडशाचं नाटक मात्र माहेरी यायचं तसं दर हंगामात दारात येत नाही. नाटकाची भूक लागलेल्या बाईने दुसरं काय करावं? भाचीच्या मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मालिकेचं पूर्ण नाव ‘गार्डियन: द लोनली अँड ग्रेट गॉड’. पोरी तिला ‘गॉब्लिन’ म्हणतात. टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर 2 डिसेंबर 2016 ला सुरू झाली आणि 21 जानेवारी 2017 ला संपलीसुद्धा. सोळा भाग. लेखिका किम उन-सूक, दिग्दर्शक ली उंग-बोक. लेखिकेला या कामासाठी 2017 च्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. हे मुद्दाम सांगते, कारण तिथे पुरस्काराच्या रांगेत नटाच्या पुढे लेखक उभा राहू शकतो. तुमच्या जाहिरातीत लेखकाचं नाव केवढ्या अक्षरात असतं ते तुम्हीच पाहा.

कथा थोडक्यात अशी. कोर्यो काळातला सेनापती किम शिन. लढाया जिंकतो, लोक त्याला देव मानायला लागतात, आणि कोवळ्या वयाचा राजा एका कपटी दरबाऱ्याच्या नादाने त्याला राजद्रोही ठरवून त्याच्याच तलवारीने मारवतो. राणी ही सेनापतीची बहीण. तीही बाण लागून मरते. देव सेनापतीला परत उठवतो. पण छातीत ती तलवार तशीच, आणि मरण नाही. आपली म्हणावीत अशी माणसं एकामागून एक मरताना पाहत राहायचं. ही तलवार फक्त त्याच्या नियत नवरीला दिसेल आणि तीच ती उपसू शकेल. उपसली की सुटका. नऊशेहून जास्त वर्षं तो ती नवरी शोधतो. ती सापडते, पण शाळेच्या गणवेशात. जी उन-ताक नावाची अनाथ पोरगी, मावशीच्या घरी मार खात वाढलेली, आणि जन्मापासून भुतं दिसणारी.

आता मेख पाहा. मरायचं म्हणून जिला शोधलं, तिच्यामुळेच त्याला जगावंसं वाटायला लागतं. आणि तलवार नाही उपसली, तर नवरीचं काम न केलेली ती पोरगी मरणार. ती जगायची तर तो जातो, तो राहायचा तर ती जाते. खलनायक बाजूला काढला तरी हे नाटक उभं राहतं. तुमच्यापैकी कोणी एका वाक्यात एवढा पक्का पेच बांधला असेल तर मी त्याच्या पाया पडेन.

पेच पक्का आहे तो नियमांमुळे. आपल्याकडे नाटकात भूत आलं की ते वाटेल ते करतं. पहिल्या अंकात भिंतीतून जातं, तिसऱ्या अंकात तेच भूत बंद दारापाशी अडतं, आणि कोणी विचारत नाही. या मालिकेत मरणाचा कारभार म्हणजे सरकारी कचेरी आहे. यमदूत काळा कोट आणि काळी टोपी घालतो. टोपी घातली की दिसत नाही. मरणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात येते. मेलेल्या माणसाला तो एका खोलीत बसवतो आणि चहा पाजतो. चहा प्यायला की या जन्माचं सगळं विसरायचं. एक म्हातारा तिथे येतो. लहान असताना, परदेशी दत्तक गेलेला हा पोरगा मार खाऊन घरातून पळाला होता आणि सेनापतीने त्याला वाटेत सँडविच देऊन परत वळवलं होतं. पुढे तो वकील होऊन लोकांच्या उपयोगी पडला. त्या खोलीत सेनापती आणि म्हातारा यांची भेट दोन-चार मिनिटांची आहे. एक आंधळा माणूस येतो तेव्हा त्याचा आधीच मेलेला कुत्रा दाराशी त्याची वाट पाहत बसलेला असतो. त्या ठिकाणी आमच्या घरात कोणी बोललं नाही.

उन-ताकचं प्रकरण या कचेरीत अडकलेलं आहे. तिची आई गरोदर असताना बर्फात गाडीखाली आली आणि मरणार होती. सेनापतीने तिला वाचवलं. त्यामुळे पोटातल्या पोरीची मरणाची नोंद राहून गेली. यमदूताला ती नऊ वर्षांनी सापडते आणि मग त्याची कागदपत्रं जुळेनात. धान विकायला गेल्यावर सातबारा आहे पण यादीत नाव नाही, असं ज्याच्या बाबतीत झालं त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. यमदूत खवळत नाही, शापही देत नाही. कंटाळलेल्या कारकुनासारखा फाइल पूर्ण करायच्या मागे असतो. याला वडशाच्या रंगमंचावर कसं हसू येईल हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

एक प्रवेश मात्र सांगते, कारण त्यात लेखणीची ताकद दिसते. पोरीचा नववा वाढदिवस. घरी येते तर आई केक मांडून बसलेली. पोरगी आनंदाने बोलत बोलत थांबते आणि आईकडे पाहत राहते. तिला भुतं दिसतात हे आपल्याला आधीच माहीत आहे. तिला कळलेलं असतं की आई आता आई उरलेली नाही. ती तिकडे दवाखान्यात गेली आहे. किंकाळी नाही, विजा नाहीत. पोरगी शांतपणे विचारते आणि आई कबूल करते. भाची इंग्रजी ओळी वाचून आम्हाला सांगत होती, ती इथे वाचायची थांबली. सासूबाईंना वाचून दाखवायची गरजही पडली नाही. थोड्या वेळाने यमदूत दाराशी येतो आणि भाजी विकणारी एक म्हातारी त्याला अडवते. ही सामशिन, जन्म देणारी देवी. पुढे तीच लाल कपडे घालून तरुण बाईच्या रूपात फिरते. सासूबाई म्हणाल्या, “हे तं सटवाई हाये. आपलीच.” मग म्हणाल्या, “आपल्या नाटकात सटवाईले काहून कोनी आनत नाई?” हा प्रश्न मी तसाच तुमच्याकडे पाठवते आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात मोलाची वाटते. या सोळा भागांत अद्भुत पुष्कळ आहे, पण गावातल्या कोणा बाईकडे बोट दाखवून ‘हिने केलं’ असं कोणी म्हणत नाही. करणी नाही, मूठ नाही, लिंबू नाही, देवऋषी नाही. भुतं आहेत ती आपापली राहिलेली कामं घेऊन येतात. कोणाच्या मत्सरातून दुसऱ्याचं लेकरू मरत नाही. आपल्या झाडीपट्टीत ही गोष्ट साधी नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना भर चौकात बांधून मारलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याला आठ वर्षं होत आल्यावरची ही गोष्ट. रात्रभर चेटकीण पाहून टाळ्या वाजवणारं गाव सकाळी शेजारणीकडे कसं पाहतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिल्यामुळे जास्त जाणता. भूत हवंच असेल तर असं घ्या, की ज्याच्यासाठी कोणा जिवंत बाईला गुन्हेगार ठरवावं लागत नाही.

विनोदाबद्दल तुम्हाला काय शिकवणार. पण एक जोडी पाहून ठेवा. सेनापती आणि यमदूत योगायोगाने एकाच घरात राहायला येतात. एक न मरणारा आणि दुसरा मारून नेणारा, आणि भांडण कशावरून? एकाला मांस हवं, दुसऱ्याला भाजी. स्वयंपाकघरात बसल्या जागेवरून एकमेकांवर ताट-चमचे उडवतात. यमदूताला स्वतःचं नाव आठवत नाही. ज्या बाईवर जीव जडला ती नाव विचारते, तेव्हा तो घाबरून एका प्रसिद्ध नटाचं नाव ठोकून देतो. आणि एकदा दोघं बाजारातून कांद्याची पात घेऊन असे चालत येतात की मागे युद्ध जिंकलं असावं. पोरींना प्रेमाच्या प्रवेशांत रस असेल, पण आमच्या घरातल्या पुरुषांनी मान वर केली ती या दोघांसाठी. आपल्या नाटकात विनोदी पात्रांचा प्रवेश मुख्य कथेपासून तुटलेला असतो. तो संपेपर्यंत नायक आत विडी ओढतो. इथे ज्यांच्यावर हसतो त्यांच्यावरच पुढे रडायची पाळी येते. कारण हळूहळू उघड होतं की विसरभोळा यमदूत म्हणजेच तो राजा, ज्याने सेनापतीला मारवलं. एवढे दिवस एका ताटावर भांडलेले दोघं एकमेकांचे वैरी निघतात. हे कळतं तेव्हा तोंडातला घास तसाच राहतो.

आता जे उचलू नका म्हणते त्याकडे येते. त्यातलं पहिलंच मोठं आहे, म्हणून जरा बसून ऐका.

ती पोरगी. कोरियन गणतीने एकोणीस वर्षांची, बारावीची परीक्षा डोक्यावर. समोरचा दिसायला पस्तिशीचा, वयाने नऊशेच्या वर. श्रीमंत इतका की सोन्याच्या विटा देऊ शकतो. ‘तू नवरी आहेस’ हे तिला भुतं लहानपणापासून सांगत आलेली, मानेवर खूणही आहे. ती बिचारी पहिल्या संधीला त्याच्या गळ्यात पडते आणि सगळी मालिका याला प्रेम म्हणते. गोंग यू हा नट देखणा, किम गो-उन ही पोरगी गुणी. दोघांकडे पाहताना प्रश्न विचारायचं राहून जातं. पण नटांना बाजूला काढून नुसती गोष्ट पाहा. मावशीच्या घरी राबणाऱ्या पोरीची सुटका एका मोठ्या वयाच्या पैसेवाल्याच्या घरी जाऊन होते. आमच्या भागात अशा सुटका मी पाहिल्या आहेत. त्यात बर्फ पडत नाही आणि मागे गाणं वाजत नाही.

मुंजा आठवा. पिंपळावरचा, लग्नाची हौस राहून गेलेला पोरगा. 2024 मध्ये आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला, कोकणातल्या मुंजावर. तिथेही भूत एका मुलीवर हक्क सांगतं, ही माझी नवरी म्हणतं, आणि सगळं थिएटर त्याला पळवून लावायच्या बाजूचं असतं. इथेही तोच हक्क आहे. फरक इतकाच की मुंज्या कुरूप आहे आणि सेनापतीच्या अंगावर लांब उंची कोट आहे. मुळात कोरियन लोककथांतला दोक्केबीसुद्धा असा राजबिंडा नसतो. जुन्या झाडूतून, टाकलेल्या वस्तूंतून उठणारा, वाटसरूला कुस्तीला बोलावणारा, बकव्हीटच्या पिठाच्या वड्यांवर जीव टाकणारा गावठी प्राणी तो. हुशार म्हातारी त्याला सहज फसवते. किम उन-सूक बाईंनी त्याला न्हाऊमाखू घालून सेनापती केलं. कलेला ती मुभा आहे. पण न्हाऊ घालताना त्याचा भाबडेपणा गेला आणि हक्क तेवढा राहिला.

भुताचं प्रेम गोड करायचंच असेल तर त्याची किल्ली आपल्या माणसाच्या हातात होती. अमोल पालेकरांचा 2005 चा ‘पहेली’ काढून पाहा. विजयदान देथा यांची राजस्थानी कथा, तिच्यावर 1973 मध्ये मणी कौल यांनी ‘दुविधा’ केला होता. भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं, पण पहिल्याच रात्री त्या बाईला खरं काय ते सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोपवतं. पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर उभं राहतं. कोरियन पोरीला सोळा भागांत असा सरळ प्रश्न कोणी विचारत नाही. तिला सांगितलं जातं, तिच्यापासून लपवलं जातं, तिच्यासाठी ठरवलं जातं. तलवार शेवटी उपसली जाते तीसुद्धा तिचा हात धरून, तिच्या मनाविरुद्ध. त्यानंतर तो राख होऊन जातो आणि तिची आठवणही पुसली जाते.

आणि आपल्याकडे सावित्री आहे, नाही का? वटपौर्णिमेला धागे गुंडाळून आपण तिला मचूळ करून टाकलं आहे. नुसता उपास धरणारी बाई नव्हती ती. यमाच्या मागे चालत जाऊन तिने वाद घातला. एकेक वर मागत, शब्दात धरून, शेवटी त्याला त्याच्याच बोलण्यात अडकवलं. यमदूत, नोंदी, चिठ्ठ्या, वेळा, हे सगळं कोरियाने इतकं नीट मांडलं, पण त्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटणारी बाई त्यांना उभी करता आली नाही. ती तुम्ही करा. नोंद चुकली असेल तर ती तुमची चूक, माझं मरण कसं, हे वाक्य एखाद्या दमदार नटीच्या तोंडी घाला. पहाटे चारला डोळे चोळणारं अख्खं पेंडॉल उठून बसेल.

म्हणून माझं म्हणणं, नवरी सोडा, सनी घ्या. सनी ही कोंबडीच्या दुकानाची मालकीण. फटकळ, एकटी, पैशाला पक्की, दिसायला झकास. उन-ताक तिच्याकडे काम करते. यू इन-ना या नटीने ही भूमिका अशी केली आहे की आमची भाची तिची टेकून उभी राहायची ढब करून दाखवते. यमदूताशी तिची गाठ रस्त्यावरच्या एका अंगठीवरून पडते, आणि त्याच्या डोळ्यांना का पाणी येतं हे त्यालाच कळत नाही. पुढे कळतं. सनी म्हणजे ती राणी, आणि हा तिला गमावणारा राजा. यमदूताला वाटतं की तिचं दुःख आपण पुसून टाकू. पुसायची ताकद त्याच्याकडे आहे. पण सनीला आठवतं. राहिलेलं सगळं आठवतं. आणि मग ती जे करते ते या मालिकेतलं सगळ्यात मोठं काम आहे. प्रेम आहे हे ती नाकारत नाही, पण माफ करत नाही. या जन्मात आपण भेटायचं नाही, तुला हीच शिक्षा, असं सांगून दुकान आवरते आणि निघून जाते. रडणं-भेकणं नाही. नवऱ्याने केलेल्या घाताचा हिशेब मागून, त्याच्यावर जीव असताना त्याला दाराबाहेर ठेवणारी बाई मी मंडईच्या नाटकात अजून पाहिलेली नाही. आपल्याकडे पाचव्या अंकात नवरा पाया पडतो आणि बाई त्याला उठवते. सनी उठवत नाही.

पण लेखिकेचाही इथे धीर सुटला, हे सांगायला हवं. पुढच्या जन्मी दोघांना पुन्हा भेटवून तिने सनीच्या शिक्षेची धार घालवली. उन-ताकच्या बाबतीतही तेच. पोरगी मोठी होते, रेडिओत काम करते, सेनापती परत येतो, लग्न होतं. आणि लगेच एक ट्रक उतारावरून सुटतो, लहान मुलांना वाचवायला ती स्वतःची गाडी मध्ये घालते आणि मरते. त्यागाचं मरण म्हणून प्रवेश चांगला आहे, तिने स्वतः घेतलेला तो पहिला मोठा निर्णयही आहे. पण तो येतो केव्हा, तर घड्याळ संपत आल्यावर. एकदा विरह, परत मीलन, परत विरह, परत पुढचा जन्म. शेवटच्या तीन-चार भागांत इतक्या वेळा निरोप घेतले जातात की सासूबाई म्हणाल्या, “आता गेला तं जाऊ दे ना बाप्पा.” पुनर्जन्म हातात असला की लेखकाला मरणाची किंमत मोजावी लागत नाही. तुम्ही ही चूक करू नका. तुमच्याकडे एकच रात्र असते, हे तुमचं भाग्य समजा.

संथपणाही आहे. एकेक भाग तासाच्या वर, आणि त्यातला बराच वेळ कोणीतरी वाऱ्यात उभं आहे. गाणी सुंदर आहेत म्हणून चालून जातं. जाहिराती मात्र बघवत नाहीत. प्रेमाचा नाजूक प्रसंग चालू असतो आणि पात्रं त्याच त्या सँडविचच्या दुकानात बसलेली. बाकी याबाबतीत आपण तरी कुठे सोवळे? दोन प्रवेशांच्या मध्ये देणगीदारांची नावं माईकवर वाचताना मेलेली नायिका पडद्यामागून पाणी मागताना दिसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुंबईच्या वाहिन्यांकडे पाहून तर मुळीच शिकू नका. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये आली तेव्हा सुरुवातीला घरोघर दिवे मालवून पाहिली गेली. दुसऱ्या पर्वातली शेवंता लोकांच्या अजून लक्षात आहे, कारण तिला काय हवं ते ती स्वतःच्या तोंडाने मागत होती. पण रोज रात्री अर्धा तास भरायचा म्हटला की भूतसुद्धा दमतं. झी मराठीवर 2022 मध्ये ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ आली; होऊ घातलेलं आधीच दिसणारी नायिका, किती चांगली कल्पना, आणि पुढे किती पाणी. कोरियन लेखिकेने सोळा भागांचा करार केला आणि सोळाव्यात संपवलं. शेवट फसला असेल, पण शेवट केला.

आता कामाच्या चार गोष्टी. कथानक जसंच्या तसं घ्यायचं असेल तर रीतसर विचारून घ्या. तुमच्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आता तुमच्याकडे फक्त झाडी पाहत नाही. आणि खरं सांगू का, जसंच्या तसं घ्यायची गरजही नाही. कचेरीतला यमदूत, नोंद राहून गेलेली पोरगी, माफ न करणारी बायको आणि भाजी विकणारी सटवाई, एवढे चार जण मिळाले की गोष्ट वैनगंगेच्या काठची होते. कोर्योचा राजा नको, आपल्याकडे गोंड राजांच्या गोष्टी आहेत. बर्फ नको, भादव्यातली झड आहे. चकवा लागून रात्रभर जंगलात एकाच जागी फिरणारा माणूस आमच्या नाकाडोंगरीच्या रानात दर पिढीत एकतरी असतो. त्याला यमदूत भेटवा.

भाषा मात्र सांभाळा. तुमच्या नाटकात नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी एवढी वर्षं घालवली, आणि रंगमंचावर ती अजून हसण्यापुरतीच आहे. या नाटकात उलटं करून पाहा. यमदूत कचेरीचं कडक प्रमाण मराठी बोलू दे, अर्जातल्यासारखं. त्याच्याशी भांडणारी पोरगी आणि सटवाई झाडीत बोलू दे. नववा वाढदिवस आहे आणि पोरीला कळलं आहे की समोर बसलेली आई मेली आहे. “आई, तू गेली ना वं?” एवढंच वाक्य लिहा, पुढे पेटी वाजवू नका.

सनीसाठी नटी निवडताना गोड गळ्याची शोधत बसू नका. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली की समोरच्याला वाट सोडावी लागेल, अशी घ्या. तुमच्याकडे अशा बऱ्याच आहेत. आजवर त्यांना सासूच्या आणि खलनायिकेच्या भूमिका मिळत आल्या. शेवटच्या प्रवेशात नवरा पाया पडायला वाकेल तेव्हा पहिल्या चार रांगांतल्या बायका सवयीने पदर डोळ्याला लावतील. सनीला तेव्हा तिथून चालू लागू द्या. प्रेक्षक ओरडले, मंडळाचे अध्यक्ष रुसले, पुढच्या गावच्या ठेकेदाराने फोन करून शेवट बदला म्हटलं, तरी तिला परत आणू नका.

हे नाटक झालं तर दौऱ्यात एक तारीख आमच्याकडे ठेवा. तुमसरहून गोबरवाहीमार्गे गाडी येते, रस्ता बरा आहे, जंगलात रात्री गाडी थांबवू नका एवढंच. तिकिटं विकायचं काम आमच्याकडच्या बायका करतील, आणि भाची वर्गातल्या सगळ्या पोरी घेऊन येईल. देणगीदारांची नावं फक्त पडदा उघडण्याआधी वाचा.

आपली,
नाकाडोंगरीची एक जुनी प्रेक्षक